आळ विमानावर, दोष जमिनीवर

‘असल्या मुलांना विमानाने नेऊ नये.’ माझ्या मुलाच्या ऑटिझमचे निदान झाले तेव्हा तो चार वर्षांचा होता. आज अकरा वर्षांचा आहे. या सात वर्षांत हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकले, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसांकडून ऐकले, एका डॉक्टरांकडूनही ऐकले. गेल्या दिवाळीत ते मला एका आईने सांगितले. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता. बाकीच्यांना मी उत्तर देत बसले नसते. हे लिहिते आहे ते त्या बाईसाठी.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. आमच्या विषयाचा जुना दंडक असा, की खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष पुरता मांडावा. तर या पक्षाचे म्हणणे असे. या मुलांना आवाज सोसत नाही, आणि विमानात उड्डाणभर ऐंशी डेसिबलच्या आसपास घरघर चालू असते. त्यांना अंगाला अंग लागलेले चालत नाही, आणि विमानात तर कोपराला कोपर लागतो. मूल बिथरले तर बसमधून उतरता येते, गाडी कडेला घेता येते. तीस हजार फुटांवर कुठे उतरणार? शिवाय आणखी दीड-पावणेदोनशे माणसे त्याच विमानात असतात, त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वैमानिकावर असते. मुलाला तर यातले काही कळत नाही, विमानाचे अप्रूपही नाही. मग त्याचे हाल आणि सगळ्यांना ताप कशासाठी? रेल्वे आहे. आणि विमानानेच जाणे भाग असेल, तर झोपेचे काहीतरी द्यावे.

हे सांगणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. त्यातले काही तपशील खरेही आहेत. चूक आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात, आणि त्या चुकीचे मूळ मला शब्दात दिसते.

ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांविषयी बोलताना. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःत बुडालेले, या अर्थाने. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तोच उचलला, आणि आपण त्याचे भाषांतर केले. शब्द कानाला गोड आहे, पण दिशाभूल करतो. स्वमग्न म्हटले की आजूबाजूचे भान नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. माझ्या मुलाला आजूबाजूचे भान पेलवणार नाही इतके आहे. ट्यूबलाइटचा बारीक गुणगुणाट, सामानाच्या ट्रॉलीचे करकरणारे एकच चाक, तीन रांगा पलीकडे कुणी ओढलेली बॅगेची चेन: तुमचे-माझे मन जे नकळत गाळून टाकते, ते सगळे त्याच्यापर्यंत न गाळता पोहोचते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे संवेदनांची ही अतितीव्रता, किंवा काही मुलांतली उलट मंदता, निदानाच्या निकषांत आली. कॅनर यांच्यानंतर सत्तर वर्षांनी. ‘त्याला काही कळत नाही’ हा पूर्वपक्षाचा पाया तिथेच खचतो.

कॅनर यांच्या त्याच निबंधात दुसरे एक निरीक्षण आहे, आणि आपल्या विषयाला ते जास्त लागू पडते. या मुलांना सगळे जसेच्या तसे असावे अशी विलक्षण ओढ असते. क्रम बदलला, वस्तूची जागा हलली, की ती कासावीस होतात. आता या नजरेने विमानाकडे पाहा. प्रवासाच्या साऱ्या साधनांत इतके ठरलेले, इतके विधिवत दुसरे काही नाही. सीटला आकडा आहे, अक्षर आहे. पट्टा, खिडकीची झडप वर, सीटची पाठ सरळ. हवाई सेविकेचे हात आधी दारांकडे, मग मास्ककडे, मग जॅकेटकडे. ‘टिंग’ वाजते, खाणे येते, पुन्हा ‘टिंग’ वाजते. मध्येच कुणी चढत नाही, ‘जरा सरकून घ्या’ म्हणत नाही, चहावाला ओरडत जात नाही. आमच्या घरी सोफ्यावर हे सगळे प्रात्यक्षिक आठवड्यातून दोनदा तरी होते. जो मुलगा पाहुण्यांशी एक शब्द बोलत नाही, तो दोन्ही हात पसरून आपत्कालीन दरवाजे दाखवतो, आणि क्रमात कधी चूक करत नाही.

आणि ती घरघर? एकसुरी आवाज आणि अचानक फुटणारा आवाज यांत या मुलांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझ्या मुलाला मिक्सर सोसत नाही, कुकरची शिट्टी सोसत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात तो डेझर्ट कूलरच्या जाळीशी पाठ लावून झोपतो, आणि तो कूलर तर बोलणे ऐकू येऊ देत नाही. विमानाचा आवाज त्याने कूलरच्याच खात्यात टाकला आहे. प्रत्येक मुलाचे असेच होईल असे मी म्हणत नाही; पण ‘आवाज सोसत नाही’ या एका वाक्यात सगळे आवाज कोंबणे हा अतिव्याप्तीचा दोष आहे. विमानातला खरा शत्रू-आवाज निराळाच असतो, तो शौचालयाच्या फ्लशचा. निर्वात ओढीने तो इतका कडाडतो की मोठी माणसेही दचकतात. आम्ही झाकण लावतो, मुलाला बाहेर त्याच्या वडिलांकडे देतो, मग बटण दाबतो.

मग ही मुले विमानतळावर, विमानात बिथरतात ती का? बिथरतात हे खरेच आहे. मी एक प्रसंग जवळून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही निघण्याआधी पंधरा दिवस चित्रपट्टी केली होती. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास ‘सोशल स्टोरी’ची पद्धत रुजवली, पुढे काय होणार हे मुलाच्या नजरेतून, छोट्या वाक्यांत, चित्रांसकट आधीच सांगून ठेवायचे. आमच्या पट्टीवर बॅगेचे चित्र होते, ट्रेचे होते, खाकी गणवेशाचे होते, आणि बोर्डिंग पास हाती आल्यावर मी स्वतःच्या हाताने गेटचा आकडा लिहिला होता: ३. सुरक्षा तपासणीत त्याचा टॅब ट्रेमध्ये ठेवून यंत्रात जाणार हे त्याला पटेना. टॅब काळ्या पडद्यांआड जातो, तो परत येईल कशावरून? सीआयएसएफच्या ज्या ताई तिथे होत्या, त्यांनी मागची रांग थांबवली नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी एक रिकामा ट्रे यंत्रात सोडला आणि बोटाने दाखवले: बघ, तिकडून आला. पुन्हा एक सोडला. तिसऱ्या वेळी माझ्या मुलाने टॅब स्वतः ठेवला. मला वाटते याला एक मिनिटही लागले नसेल.

तीन नंबरच्या गेटापाशी आम्ही चाळीस मिनिटे शांत बसलो होतो. मग घोषणा झाली, की विमान आता अकरा नंबरहून सुटेल. पट्टीवर ३ लिहिलेले होते. मुलगा जमिनीवर आडवा झाला, डोके फरशीवर आपटू लागला. मी माझा तळवा त्याच्या कपाळाखाली धरला. दोघांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केले. विमान कंपनीचा कर्मचारी येऊन म्हणाला, ‘मॅडम, ह्याला शांत करा, नाहीतर बोर्डिंग देता येणार नाही.’ मी पिशवीतून स्केचपेन काढले, ३ खोडला, ११ लिहिला, पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. पाच-सात मिनिटे गेली. हुंदके देतच तो उठला, आणि विमानात बसला तेव्हाही हुंदके चालू होते. पुढच्या रांगेतले गृहस्थ पत्नीला म्हणाले, ‘विमानाला घाबरतोय गं पोरगा.’ पट्टा ‘टक्’ करून लागला, सेविकेने हात पसरले, आणि तो गप्प झाला.

कावळा बसायला आणि फळ पडायला गाठ पडली म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. त्या गृहस्थांनी विमान पाहिले, रडणे पाहिले आणि कार्यकारण जोडून टाकले. रडण्याचे कारण आठ गेटे मागे राहिले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे ‘विमान सोसत नाही’ हे मत असल्याच निरीक्षणांवर उभे राहते. रांग किती वेळ चालेल हे न सांगणे, क्रम अचानक मोडणे, न विचारता अंगाला हात लावून तपासणी करणे, ही कारणे जमिनीवर आहेत, आणि जमिनीवरची म्हणूनच दुरुस्त होण्यासारखी आहेत.

चांगल्या हेतूने दिलेली एक सवलतसुद्धा यात अडचण करते. ‘मुलाला घेऊन आधी चढा’ असे आम्हाला नेहमी सांगतात. आधी चढणे म्हणजे बंद जागेत वीस-पंचवीस मिनिटे जास्त बसणे, आणि डोक्याशी वरचे कप्पे आपटताना ऐकणे. आम्ही आता नम्रपणे सांगतो, की आमच्यापैकी एकजण बॅगा घेऊन आधी जाईल, दुसरा मुलाला घेऊन शेवटी येईल. काही मुलांना आधीच चढणे बरे वाटते. म्हणून विचारावे.

विमानातल्या एका टप्प्याबद्दल मात्र पूर्वपक्षाला सूट द्यायला हवी, तो म्हणजे उतरताना. विमान धावपट्टीला लागण्यापूर्वी अर्धा तासभर खाली येत असते. आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, तो हळूहळू वाढत जमिनीइतका होतो, आणि कानाला घशाशी जोडणारी नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. तुम्ही-आम्ही आवंढा गिळतो, जांभई देतो. ज्या मुलाला ‘कान दुखतो’ हे दोन शब्दांचे गाऱ्हाणेही सांगता येत नाही, ते किंचाळते. याला हट्ट म्हणणे चूक आहे. हट्ट समोर बघणाऱ्यासाठी असतो, हे दुखणे आहे. स्ट्रॉने थोडे थोडे पाणी, चघळायला चिक्की किंवा आमसूल, आणि जाग. होय, जाग, कारण झोपेत माणूस कमी गिळतो. ‘झोपेचे काहीतरी द्या’ या सल्ल्याचा विचार इथेच संपायला हवा. सर्दी-ॲलर्जीची जी गुंगी आणणारी सिरपे घरोघरी यासाठी वापरतात, त्यांनी काही मुलांना गुंगी येण्याऐवजी उलट चळवळ सुरू होते, हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे. डॉक्टरांनी त्या मुलाला तपासून, घरी आधी देऊन पाहून काही ठरवले तर तो वेगळा विषय.

‘रेल्वे आहे ना!’ या वाक्याला मी थोडा जास्त वेळ देते, कारण ते मध्यमवर्गीय मराठी घरांत फार सहज उच्चारले जाते. नागपूर-पुणे विमानाने दीड तासाच्या आत. रेल्वेने रात्र. अनेक ऑटिस्टिक मुलांना अचानक उठून पळत सुटण्याची सवय असते. त्यांच्या आईबापांना रात्री झोप लागत नाही ती या भीतीने. रात्रीच्या गाडीत डब्याचे दार हाताने उघडते, आणि दर स्टेशनला उघडते. मी अशी एक रात्र मुलाच्या मनगटाला माझी ओढणी बांधून बसून काढली आहे. वर्ध्याला एक डबेवाला, बडनेऱ्याला एक कुटुंब, भुसावळला दहा-बाराजण; प्रत्येक थांब्याला नवे वास, नवे आवाज, नवा ‘बाळ, तुझं नाव काय?’ विमानाचे दार बंद झाले की उतरेपर्यंत बंद असते. ज्या मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका ‘पळून जाईल’ हा आहे, त्याच्यासाठी सुरक्षित काय, याचा विचार रेल्वेचा सल्ला देणाऱ्याने कधी केलेला नसतो.

आता सुरक्षिततेचा आणि सहप्रवाशांचा मुद्दा, जो पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम खांब मानला जातो. वैमानिकाला आणि कंपनीला प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी निर्णय घ्यायचा अधिकार आहे, असायलाच हवा. प्रश्न असा, की धोका आहे हे ठरवायचे कशावरून? १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि अपंगांच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचले आहे. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ संस्थेने गोव्यात भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या चालल्या होत्या. विमानात जागेवर बसल्यावर त्यांना उतरवण्यात आले. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मध्यभागी आणला. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही, म्हणून त्याचे आईवडीलही गेले नाहीत. मूल लांबच्या मोटारप्रवासाने अस्वस्थ झालेले होते. सहप्रवाशांत डॉक्टर होते, ते मदतीला तयार होते. म्हणजे ज्यांच्या नावाने नकार दिला, ते सहप्रवासीच मुलाच्या बाजूने उभे होते! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला पाच लाख रुपये दंड केला, आणि कर्मचारी सहानुभूतीने वागले असते तर मूल शांत झाले असते, असा निष्कर्ष नोंदवला.

त्याच वर्षी जुलैत नियम सुधारला. अपंगत्वाच्या कारणावरून कुणालाही विमान नाकारता येत नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल अशी शंका आली, तर विमानतळावरच्या डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून मत द्यायचे, आणि तरीही नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्यायचा. काउंटरवरच्या माणसाला ‘वाटले’, एवढ्यावर आता काम भागत नाही. आणि ऑटिझम हे अपंगत्वाच्या व्याख्येत बसते की नाही, हा वादही उरलेला नाही. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार केले, त्यांत आहे. गेटापाशी मला दम देणाऱ्या त्या मुलाला यातले काही माहीत नव्हते. त्याला कुणी शिकवले नव्हते, एवढाच त्याचा दोष.

न शिकवल्याचा दुसरा नमुना म्हणजे व्हीलचेअर. मदत हवी म्हटले की व्हीलचेअर येते. माझा मुलगा पळतो, उड्या मारतो, त्याला चाकांची गरज नाही. त्याला पुढे काय होणार हे सांगणारा माणूस हवा आहे आणि बाजूची एक शांत जागा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काही पालक ‘रांग टळते ना’ म्हणून मुलाला खुर्चीत बसवतात, त्यांच्या थकव्याला मी नावे ठेवणार नाही. पण त्यातून यंत्रणेला एवढेच कळते की एक व्हीलचेअर लागली. ऑटिझम असलेला प्रवासी आला होता, याची नोंद कुठेही होत नाही, आणि नोंद नाही म्हणून सोय नाही.

सोय होते याचे दाखले आहेत. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ पासून ‘विंग्ज फॉर ऑटिझम’ या नावाने रंगीत तालमी होतात: कुटुंबे बॅगांसह येतात, तपासणीतून जातात, खऱ्या विमानात बसतात, पट्टा बांधतात आणि उड्डाण न करता घरी जातात. पिट्सबर्गच्या विमानतळावर अवजड यंत्रे चालवणाऱ्या एका कामगाराने, ज्याचा मुलगा ऑटिस्टिक आहे, वरिष्ठांना पत्र लिहिले. त्यातून २०१९ मध्ये तिथे दीड हजार चौरस फुटांचा शांत कक्ष उभा राहिला, त्यात सीटा आणि वरच्या कप्प्यांसकट विमानाच्या अंतर्भागाची प्रतिकृती आहे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये सूर्यफुलांची हिरवी फीत काढली. ती गळ्यात दिसली की कर्मचाऱ्याने ओळखायचे, की या माणसाची अडचण डोळ्यांना दिसणारी नाही. आपल्याकडे बंगळूरच्या विमानतळानेही ती स्वीकारली.

या फितीवर एक गंभीर आक्षेप आहे: मुलाच्या गळ्यात पाटी का अडकवायची? माझ्या मैत्रिणीने तो घेतला, आणि मला बराच काळ उत्तर सुचले नाही. आज मी असे म्हणते, की पाटी फितीशिवायही लागलेलीच असते. गेटापाशी मोबाइल धरलेल्या त्या दोघांनी माझ्या मुलाला ती लावली होती, आणि तिच्यावर ‘बिघडलेला’ असे लिहिले होते. फीत घालायची की नाही हे निदान आमच्या हातात आहे. मुलगा मोठा झाला की ते त्याच्या हातात असेल.

त्या दिवाळीतल्या आईचा भाऊ न्यू जर्सीत आहे. मुंबईहून तिथवर सलग पंधरा-सोळा तासांचे उड्डाण. सहा वर्षांत ती भावाकडे गेलेली नाही, आणि लगेच जा असे मी तिला म्हणणार नाही; पहिला प्रवास दीड तासाचा करावा, त्याआधी दोनदा नुसते विमानतळावर जाऊन काचेतून पाहून यावे. आणि तिकीट काढल्यावर, उड्डाणाच्या ४८ तास आधी, कंपनीला फोन करावा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत प्रत्येक मदतीला चार अक्षरी संकेत असतो. व्हीलचेअरचे संकेत निराळे. बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रवाशाचा संकेत आहे ‘डीपीएनए’. तिकिटावर तो चढला, की मुलाची माहिती आमच्या आधी गेटापर्यंत पोहोचते.

पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे, आम्ही पुण्याला निघालो आहोत. काल फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅम, व्हीलचेअर ॲड करू का?’ मी म्हटले, ‘नाही, एक कोड लिहून घे. डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे, एन फॉर नागपूर, ए फॉर अकोला.’ तिने तो परत वाचून दाखवला. मग थांबली, आणि तिने विचारले, ‘मॅम, ह्याच्यात नेमकं काय करायचं असतं?’ पंधरा मिनिटे मी तिला सांगत होते, आणि ती लिहून घेत होती.